जुन्या उंच कार्यालयीन इमारतीचे नूतनीकरण : प्रकल्प नोंदी

९ जानेवारी

शेवटच्या भाडेकरूने मजले रिकामे करून दिले आणि आज इमारतीचा पूर्ण ताबा मिळाला. तळमजला धरून अठरा मजले, प्रबलित काँक्रीटचा सांगाडा, मधोमध लिफ्ट व जिन्यांचा गाभा आणि चारही बाजूंना ॲल्युमिनियम व काचेची पडदाभिंत, म्हणजे सांगाड्यावर टांगलेली, मजल्यांचा भार न पेलणारी बाहेरची भिंत, अशी ही रचना विसाव्या शतकात, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. त्या काळच्या उंच कार्यालयांची सगळी लक्षणे येथे दिसतात: कमी जाडीचे स्लॅब, सडपातळ खांब, खिडक्यांखालचे रंगीत पट्टे आणि काटकसरीने ठरवलेली मजल्याची उंची, जी एका स्लॅबच्या पृष्ठापासून पुढच्या स्लॅबच्या पृष्ठापर्यंत ३.४ मीटर भरते.

पाडून नवे बांधायचे नाही, हे मालकांनी आधीच ठरवले आहे, तरी त्यामागचे कारण या नोंदवहीत असावे. बांधकामात खर्ची पडलेल्या कार्बनचा सर्वांत मोठा वाटा पाया आणि सांगाडा यांत असतो आणि सर्वाधिक टिकणारे भागही तेच असतात; काच, यंत्रणा आणि आतील सजावट कोणत्याही इमारतीत ठरावीक काळाने बदलावीच लागते. अडचण वेगळीच आहे. त्या पिढीच्या अभियंत्यांनी सिमेंट आणि पोलाद मोजूनमापून वापरले आणि जादा ताकद, जादा उंची किंवा जादा जागा फारशी शिल्लक ठेवली नाही. त्यामुळे नव्या कामासाठी लागणारा प्रत्येक किलो आणि प्रत्येक मिलिमीटर याच इमारतीतून काहीतरी काढून मिळवावा लागणार आहे. आजपासून वजनाची स्वतंत्र खातेवही ठेवली जाईल. मजल्यावरून काय उतरले ते जमेला आणि काय चढणार ते खर्चाला लिहिले जाईल.

१८ जानेवारी

जुने नकाशे मिळाले, परंतु ते काय बांधायचे होते एवढेच सांगतात. काय बांधले गेले हे जागेवर मोजूनच कळेल. लेझर स्कॅनिंग पूर्ण झाले. तळापासून गच्चीपर्यंत स्लॅबच्या कडा ओळंब्यात नाहीत, आणि सर्वांत बाहेर आलेली कड व सर्वांत आत गेलेली कड यांत ३८ मिमीचा फरक आहे. अशा वयाच्या इमारतीत हे अनपेक्षित नाही, कारण जुनी पडदाभिंत जागेवर कापून, पॅकिंग देऊन बसवली जात असे आणि असा फरक त्या पॅकिंगमध्ये मुरून जाई. कारखान्यात तयार होऊन येणाऱ्या नव्या भिंतीला ही सवलत नाही. तिचे आधारकंस तिन्ही दिशांना सरकवता येतील असेच घ्यावे लागतील, आणि त्यांची मर्यादा या ३८ मिमीवरून ठरेल.

सळ्यांच्या शोधकाने खांबांतील मांडणी तपासली. नकाशात दाखवलेल्या सळ्या बहुतेक ठिकाणी सापडल्या, मात्र त्या गुळगुळीत गोल आहेत. हे महत्त्वाचे आहे, कारण आजच्या पिळाच्या वा कंगोऱ्यांच्या सळ्यांइतकी पकड गुळगुळीत सळईची काँक्रीटशी नसते. तिची टोके वाकवलेली असतात आणि भार त्या वाकांवर विसंबून असतो. म्हणून तुळईच्या टोकांजवळ कोठेही भोक पाडायचे नाही, असा लेखी आदेश आज सर्व ठेकेदारांना देण्यात आला.

५ फेब्रुवारी

काँक्रीटच्या चाचण्यांचे निकाल आले. या नोंदीत थोडे सविस्तर लिहितो, कारण पुढचा बराच खर्च या निकालांवर ठरणार आहे.

ताज्या काँक्रीटचा सामू १२.५ च्या वर असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत झिरपत जातो, काँक्रीटमधील कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे कार्बोनेट बनवतो आणि सामू ९ च्या आसपास वा त्याखाली आणतो. तेथे सळईचे ते संरक्षण संपते. हा बदल, म्हणजे कार्बोनेशन, किती खोल गेला हे मोजण्याची पद्धत सोपी आहे. ताज्या फोडलेल्या पृष्ठावर फिनॉल्फ्थॅलीन फवारले की निरोगी काँक्रीट गडद गुलाबी होते आणि कार्बोनेशन झालेला भाग रंगहीन राहतो.

आतील खांबांवर ही खोली सरासरी ३० मिमीच्या पुढे निघाली, तर बाहेरच्या कडांवर ती जेमतेम १५ ते १८ मिमी आहे. पहिल्या वाचनात बैठकीतील काही जणांनी यावरून आतील खांब धोक्यात आणि बाहेरचे काँक्रीट सुरक्षित असा अर्थ काढला. वस्तुस्थिती उलट आहे. कोरड्या, मध्यम आर्द्रतेच्या हवेत वायूला आत शिरायला मोकळी छिद्रे मिळतात म्हणून आत कार्बोनेशन खोलवर जाते, परंतु सळई गंजायला ओलावा लागतो आणि तो आत नाही. बाहेर पावसाने छिद्रे पाण्याने भरतात, म्हणून कार्बोनेशन मंद चालते, पण जेथे ते सळईपर्यंत पोहोचले आहे तेथे गंज लगेच धरतो. गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत भरते, आणि काँक्रीटचे आवरण आतूनच फुटते. सळईचा विद्युतदाब मोजून गंजाचा अंदाज देणाऱ्या हाफ-सेल चाचणीनेही तेच दाखवले. तांबे-ताम्रसल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण, म्हणजे गंजाची दाट शक्यता सांगणारी, वाचने फक्त बाहेरच्या कडांवर, त्यातही पडदाभिंतीच्या गळक्या सांध्यांच्या खाली मिळाली.

म्हणून आतील खांबांचे आवरण फोडायचे नाही. त्यांना कोरडे ठेवणे हीच त्यांची दुरुस्ती आहे. कार्बोनेशनची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ६० वर्षांत ३० मिमी गेलेली रेषा पुढच्या ६० वर्षांत आणखी साधारण १२ मिमीच पुढे सरकेल. सरसकट सगळे खांब सोलून नवा थर देण्याचा जो प्रस्ताव एका पुरवठादाराकडून आला होता तो यामुळे नाकारला. तो थर प्रत्येक खांब जाड करणार होता आणि खातेवहीत खर्चाच्या बाजूला मोठा आकडा टाकणार होता.

१२ फेब्रुवारी

ॲस्बेस्टॉसचे सर्वेक्षण हाती आले. नलिकांवरील आवरण, पडदाभिंतीच्या रंगीत पट्ट्यांमागचे सिमेंटचे पत्रे, जमिनीवरच्या विनाइल लाद्या आणि त्या चिकटवणारा काळा डांबरी लेप या चारही ठिकाणी ते आढळले. यांतील धोका सारखा नाही. सिमेंटमध्ये किंवा लादीत बांधले गेलेले तंतू अखंड स्थितीत सहसा सुटत नाहीत. नलिकांवरचे भुसभुशीत आवरण मात्र हाताच्या धक्क्यानेही धूळ सोडते. पत्रे न फोडता, स्क्रू काढून सबंध उतरवायचे आणि नलिकांचे आवरण मात्र पूर्ण बंदिस्त कक्षातच काढायचे, असा क्रम ठरला. आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी, बाहेर जाणारी हवा उच्च क्षमतेच्या गाळणीतून, साहित्य ओले करून दुहेरी पिशवीत, आणि कामगारांसाठी टप्प्याटप्प्याचा प्रवेशकक्ष, या अटींशिवाय एकही मजला सुरू होणार नाही.

माझे आग्रहाचे मत येथे नोंदवतो की हे काम संपेपर्यंत त्या मजल्यावर दुसरा कोणताही ठेकेदार असता कामा नये. वेळापत्रक जवळ आणण्यासाठी वरच्या अर्ध्या मजल्यात ॲस्बेस्टॉस आणि खालच्या अर्ध्यात तोडफोड अशी सूचना आली होती. माणसांच्या फुप्फुसांवर वेळ वाचवायचा नाही.

७ मार्च

सर्वांत वरच्या चार मजल्यांतील ॲस्बेस्टॉस निघाले. कक्ष उघडण्यापूर्वी स्वतंत्र प्रयोगशाळेने हवेचे नमुने घेतले आणि सर्व नमुने ०.०१ तंतू प्रति मिलिलीटर या मर्यादेच्या आत आले.

२२ मार्च

खातेवहीतील पहिली मोठी जमा आज झाली. जमिनीवरचा ६० मिमीचा सिमेंटचा भराव काढल्यावर प्रत्येक चौरस मीटरमागे साधारण १२५ किलो वजन उतरते. नवी उचललेली जमीन, म्हणजे पायांवर उभ्या राहणाऱ्या तक्त्यांची जमीन, ४० ते ५० किलोत बसते, आणि केबल तिच्याखालून जातात. केबिनांच्या विटांच्या भिंतीही गेल्या आहेत. संरचना अभियंत्यांनी या बचतीचा एक भाग वरच्या यंत्रमजल्यासाठी राखून ठेवला, एक भाग पडदाभिंतीला दिला, आणि उरलेला कोणालाही न देता तसाच ठेवण्याची शिफारस केली. ही शिफारस मला फार मोलाची वाटते. आपण सगळे वजन वापरून टाकले तर पुढच्या पिढीच्या नूतनीकरणाला हात घालायला काहीच राहणार नाही.

खिडक्यांखालच्या विटांच्या बुटक्या भिंतींबाबत मात्र निर्णय राखून ठेवला आहे. त्या काढल्यास स्लॅबच्या कडेवरून प्रतिमीटर दीडशे किलोपेक्षा जास्त भार उतरतो आणि नव्या काचेची सोय होते. परंतु एका मजल्यावरची आग बाहेरून वरच्या मजल्यावर चढू नये यासाठी आज या इमारतीत असलेला एकमेव अडथळाही त्याच भिंती आहेत.

९ एप्रिल

पडदाभिंतीवर दिवसभर बैठक चालली. तीन पर्याय होते: जुनी चौकट ठेवून आतून दुसरी काच लावणे, जुन्या भिंतीवर बाहेरून नवे आवरण चढवणे, किंवा जुनी पूर्ण काढून त्याच मापांत नवी बसवणे.

या जातीच्या इमारतींचा इतिहास बैठकीत मुद्दाम मांडला. न्यूयॉर्कचे लिव्हर हाउस १९५२ मध्ये पूर्ण झाले आणि बंदिस्त काचभिंतीच्या कार्यालयांचा तो आरंभीचा नमुना ठरला. परंतु त्या भिंतीत पाणी शिरून आतील साध्या पोलादाचे भाग गंजले, फुगले आणि काचा तडकू लागल्या, आणि शेवटी विसावे शतक संपता संपता सगळी भिंत मूळ रूप राखून बदलावी लागली. त्याच शहरातील संयुक्त राष्ट्रांच्या ३९ मजली सचिवालयाचीही काचभिंत अलीकडच्या मोठ्या नूतनीकरणात बदलली गेली, आणि नवी काच निवडताना मूळच्या हिरवट छटेकडे परत जाण्याचा प्रयत्न झाला. मिलानच्या पिरेल्ली टॉवरमध्ये, २००२ मध्ये विमान आदळल्यानंतरच्या दुरुस्तीत, ॲल्युमिनियमची मूळ भिंत उतरवून, दुरुस्त करून पुन्हा वापरण्याचा वेगळा मार्ग घेतला गेला. जुनी चौकट वाचवता येईल का, हे तिच्या आत काय आहे यावर अवलंबून असते, एवढे या तिन्ही उदाहरणांतून स्पष्ट होते.

म्हणून आठव्या मजल्यावर चौकटीचे दोन उभे दांडे उघडून पाहिले. बाहेरचे ॲल्युमिनियम उत्तम आहे, ॲनोडायझिंगचा संरक्षक थरही जवळपास शाबूत आहे. परंतु दांड्यांना ताठपणा देण्यासाठी आत बसवलेल्या पोलादी पट्ट्या तळाशी पापुद्रे सुटण्याइतक्या गंजलेल्या आहेत. आत साचलेल्या ओलाव्यात साधे पोलाद असे गंजतेच. पहिले दोन पर्याय येथेच बाद झाले, कारण दोन्हींत ही गंजलेली पट्टी तशीच राहून तिच्यावर आणखी भार येणार होता.

नव्या भिंतीचा हिशेब असा आहे. काच प्रत्येक मिलिमीटर जाडीला प्रति चौरस मीटर २.५ किलो भरते, म्हणून जुनी ६ मिमीची एकेरी काच १५ किलोची, तर ६ मिमी आणि ८ मिमीच्या थरबंद काचेची नवी जोडकाच ३५ किलोची होते. त्या बदल्यात उष्णतेची गळती, जी एकेरी काचेला प्रति चौरस मीटर प्रति अंश सुमारे ५.७ वॅट असते, ती विशेष लेप आणि आर्गॉन वायू असलेल्या जोडकाचेत १.१ च्या आसपास येते. चौकटीचा हिशेब वेगळा करावा लागतो. ॲल्युमिनियम उष्णता इतक्या सहज वाहून नेते की आतल्या व बाहेरच्या भागांमध्ये पॉलिॲमाइड या प्लास्टिकची पट्टी न घातल्यास चांगल्या काचेचा बराचसा लाभ दांड्यांतून वाया जातो.

बैठकीत मी एकाच गोष्टीवर अडून बसलो. उभ्या दांड्याची बाहेरून दिसणारी रुंदी ५० मिमी आहे आणि ती ५० मिमीच राहिली पाहिजे. पुरवठादाराने ८० मिमीचा, अधिक सोयीचा दांडा सुचवला होता. ३० मिमी ऐकायला किरकोळ वाटतात, परंतु दर दीड मीटरवर एक दांडा अशी पूर्ण दर्शनी बाजू उभी केली तर सगळी इमारत जड दिसू लागते, आणि हिचे जे सौंदर्य आहे ते या बारीकपणातच आहे. लागणारी ताकद दांड्याची खोली आतल्या बाजूला वाढवून मिळते, हे दर्शनी भिंतीच्या अभियंत्यांनी गणित करून दाखवले. निर्णय झाला.

२४ एप्रिल

जुन्या सांध्यांतील सीलंटच्या, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लवचीक लेपाच्या, नमुन्यांत पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल ही विषारी संयुगे) सापडले. पन्नास ते सत्तरच्या दशकांत पॉलिसल्फाइड सीलंट लवचीक राहावे म्हणून ही संयुगे मिसळली जात, त्यामुळे चाचणी आधीच मागवली होती. प्रमाण ५० मिलिग्रॅम प्रति किलोच्या पुष्कळ वर आहे. ही संयुगे शेजारच्या काँक्रीटमध्येही मुरतात, म्हणून सीलंट हाताने कापून काढल्यावर स्लॅबच्या कडेचा पातळ थरही खरवडून धोकादायक कचऱ्यात जाईल. कोठेही ग्राइंडर लावायचा नाही. उष्णतेने ही संयुगे हवेत उडतात.

१६ मे

कडांच्या काँक्रीटची दुरुस्ती निम्म्या मजल्यांवर झाली. खराब भाग सळईच्या मागेपर्यंत, साधारण २० मिमी अधिक खोल काढला जातो, सळई धातू उघडा दिसेपर्यंत साफ होते, आणि मगच दुरुस्तीचा मसाला भरला जातो. सळईचा फक्त पुढचा भाग साफ करून वरून लिंपल्यास गंज मागच्या बाजूने चालू राहतो, शिवाय जुन्या व नव्या काँक्रीटच्या सीमेवर तो वाढतोही. बाराव्या मजल्यावर अशी वरवर लिंपलेली एक जुनी दुरुस्ती सापडली. हातोडीने ठोकल्यावर ती पोकळ वाजली आणि सगळीच्या सगळी सुटून आली. नव्या प्रत्येक दुरुस्तीवर ठोकून पाहण्याची नोंद आता मिस्त्रींच्या सहीसह ठेवली जाते.

११ जून

छतातील यंत्रणेचा प्रश्न सुटला असे आज म्हणता येईल. मजल्याची उंची ३.४ मीटर, त्यातून तुळईचे ४५० मिमी आणि जमिनीचे १०० मिमी वजा जाता तुळईखाली २.८५ मीटर उरतात. जुन्या व्यवस्थेत थंड हवेच्या रुंद नळ्या तुळयांच्या खालून जात असल्याने खोटे छत २.४ मीटरवर आले होते, आणि या मजल्यांना कोंदट म्हटले जाई ते त्याचमुळे.

नव्या व्यवस्थेत खोलीतील उष्णता हवेऐवजी पाण्याने बाहेर नेली जाईल. तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे ३,५०० पट उष्णता वाहून नेऊ शकते. म्हणून रुंद नळीच्या जागी बोटाएवढ्या व्यासाच्या नलिका पुरतात, त्या दोन तुळयांच्या मधल्या पोकळीत बसतात, आणि हवेच्या नळ्यांना फक्त माणसांना लागणारी ताजी हवा आणायचे काम उरते. छत २.७ मीटरवर जाईल. ज्या ठिकाणी नळ्यांना तुळई ओलांडावी लागते तेथे मूळ बांधकामातीलच भोके वापरली आहेत.

या निर्णयाची एक अट आहे, आणि ती पडदाभिंतीशी जोडलेली आहे. थंड पाणी १५ अंशांच्या आसपास ठेवावे लागते, कारण खोलीतील हवेच्या दवबिंदूखाली ते गेले तर छतातून थेंब पडू लागतील. बाहेरची दमट हवा फटींतून आत येत राहिली तर दवबिंदू हाताबाहेर जातो. म्हणजे छताची उंची प्रत्यक्षात भिंतीच्या सांध्यांतील रबरावर अवलंबून आहे, आणि यापुढे दोन्ही ठेकेदारांची बैठक एकत्रच होईल.

२६ जून

जुनी लिफ्टयंत्रे उतरवली. रिले असलेले नियंत्रणफलक आणि मोटर-जनरेटर संच जाऊन गिअररहित मोटारी येतील. शाफ्ट आणि मार्गदर्शक रूळ मोजमापात सरळ निघाल्याने तेच राहतील.

२० जुलै

पडदाभिंतीच्या नमुन्याची चाचणी झाली. हवेची गळती मर्यादेत आली. पाण्याच्या चाचणीत मात्र ६०० पास्कल दाबावर आडव्या व उभ्या दांड्यांच्या सांध्यातून पाणी आत आले. नमुना तेथेच उघडला तेव्हा दिसले की जोडणी करताना भरलेल्या सीलंटने निचऱ्याचे छिद्र बुजले होते. या प्रकारची भिंत पाणी पूर्ण अडवत नाही. थोडे पाणी बाहेरच्या थरातून आत येणार हे गृहीत धरून ते निचऱ्याने परत बाहेर सोडते. छिद्र बुजले की आत आलेल्या पाण्याला खोलीखेरीज दुसरी वाट राहत नाही. छिद्र मोकळे करून घेतलेली फेरचाचणी उत्तीर्ण झाली, आणि प्रत्येक तुकडा कारखान्यातून निघण्यापूर्वी या छिद्राचे छायाचित्र काढण्याची अट करारात घातली.

सरकण्याची चाचणीही समाधानकारक आहे. ३.४ मीटरचा ॲल्युमिनियमचा दांडा ६० अंशांच्या फरकाने सुमारे ४.७ मिमी लांबतो, त्यात स्लॅबचा झोक मिळवून प्रत्येक मजल्याचा सांधा ठरवला आहे.

७ ऑगस्ट

खिडक्यांखालच्या भिंतींचा राखून ठेवलेला निर्णय अग्निसुरक्षा सल्लागारांच्या अहवालानंतर झाला. विटा निघतील, त्यांच्या जागी आग रोखणाऱ्या फळ्यांचा हलका पट्टा स्लॅबला थेट बांधला जाईल, चौकटीला नव्हे, कारण आगीत ॲल्युमिनियम लवकर दगा देते आणि त्यावर टांगलेले सगळे खाली येते. स्लॅबची कड आणि भिंत यांमधील फट खनिज लोकरीने दाबून भरून वरून धूर अडवणारा लेप द्यायचा आहे. जुन्या बांधकामात ही फट अनेक ठिकाणी कागद आणि गिलाव्याच्या तुकड्यांनी भरलेली आढळली.

ही फट भरण्याचे काम झाकले गेले की पुन्हा दिसत नाही. म्हणून प्रत्येक मजल्यावर ते उघडे असतानाच आमच्या अभियंत्याने पूर्ण परीघ चालून तपासायचा आणि त्याशिवाय जमिनीचे तक्ते टाकायचे नाहीत.

२ सप्टेंबर

सतराव्या व सोळाव्या मजल्यांवर नवी भिंत बसली. कंसांच्या आधारखुंट्यांवरील ओढ-चाचण्यांत दोन खुंट्या सरकल्या. दोन्ही दुरुस्त केलेल्या काँक्रीटच्या कडेला लागून होत्या, म्हणून अशा सीमेपासून किमान अंतर सोडून नवी भोके घेतली आणि फेरचाचणी उत्तीर्ण झाली. खातेवहीनुसार या दोन मजल्यांच्या कडांवरील भार मूळ बांधकामापेक्षा कमीच आहे. नैर्ऋत्य कोपऱ्यात जुना ओळंबा सर्वाधिक सुटलेला असल्याने तेथील कंस सरकण्याच्या शेवटच्या खाचेवर बसले आहेत. पंधराव्या मजल्यासाठी २० मिमी लांब कंस मागवले असून ते येईपर्यंत त्या कोपऱ्याचे काम थांबवले आहे आणि चमू पूर्वेच्या बाजूला वळवला आहे.